श्वानाचा शिधा

परान्न वर्ज्य असलेला एखादा कर्मठ अतिथी दारी आला, की त्याच्यापुढे शिजवलेले पान न वाढता तांदूळ, डाळ, गूळ, तूप आणि वर यथाशक्ति दक्षिणा असा कोरडा शिधा त्याच्या स्वाधीन करावा, ही रीत आमच्या घराण्यात निदान आजोबांच्या हयातीपर्यंत तरी अबाधित चालत आली होती. पुढे असे अतिथी दुर्मिळ झाले आणि शिधा हा शब्द रेशनच्या दुकानापुरता उरला. तेव्हा वयाची बासष्टी उलटल्यावर आपल्या घरी असा एक पाहुणा मुक्कामाला येईल, की जो चुलीवरच्या अन्नाला शिवणार नाही, ज्याचा शिधा रोज तोलून द्यावा लागेल, आणि ज्याला चार पाय व एक अत्यंत बोलकी शेपटी असेल, असे भविष्य कोणी वर्तवले असते, तर मी त्या ज्योतिषाची दक्षिणा परत मागितली असती.

आमची कन्या गतवर्षी वैशाखात नोकरीनिमित्त एका वर्षाकरिता मेलबर्नला गेली आणि जाताना ब्रूनो नावाचा आपला लॅब्रॅडॉर, त्याची गादी, त्याचा पट्टा आणि त्याच्या खानपानाविषयीचे अकरा पानी पत्रक आमच्या हवाली करून गेली. ब्रूनो हे नाव चौऱ्यांशी वर्षांच्या माझ्या मातोश्रींच्या कवळीत अडकत असल्यामुळे त्यांनी पहिल्याच संध्याकाळी त्याचे बंडू असे नामकरण केले, आणि त्या समंजस प्राण्याने दोन्ही नावे विनातक्रार स्वीकारली. या दोन नावांमागे पुढे दोन स्वतंत्र जमाखर्च उघडले जाणार आहेत, याची त्या वेळी मला कल्पना नव्हती.

पत्रकाचा मथितार्थ असा होता, की दुकानात पिशवीतून मिळणारे कोरडे दाणे हे श्वानजातीवरील मोठे अरिष्ट असून कच्चे मांस, कच्ची हाडे आणि कच्चे अवयव हाच तिचा निसर्गदत्त आहार होय. ‘‘बाबा, तो मुळात लांडगा आहे, हे विसरू नका,’’ असे कन्येने निरोप घेताना बजावले. मी लांडग्याकडे पाहिले. पंख्याखाली चारी पाय वर करून तो पाठीवर निजला होता, आणि स्वयंपाकघरात कुकरची शिटी होताच उठून, माझ्या आरामखुर्चीखाली त्याचे जेवढे अंग मावत होते तेवढे त्याने लपवले.

महसूल खात्यात चौतीस वर्षे काढून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस कोणताही हुकूम अंमलात आणण्यापूर्वी त्याचा पूर्वेतिहास तपासतो. त्याप्रमाणे तपास करता असे निष्पन्न झाले, की कुत्र्यासाठी खास बिस्कीट करून विकण्याची कल्पना १८६०च्या सुमारास लंडनमध्ये जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन गृहस्थाला सुचली. हा मनुष्य मुळात इमारतींवर बसवायचे वीजरोधक विकत असे, आणि आकाशातून पडणाऱ्या विजेपेक्षा कुत्र्याच्या पोटातील आग अधिक नियमित आहे, हे ओळखण्याइतका तो व्यवहारचतुर होता. त्यानंतर शतकभराहून अधिक काळ डबे आणि पिशव्या यांचे साम्राज्य निर्वेध चालले, आणि मग १९९३ साली इयन बिलिंगहर्स्ट नामक ऑस्ट्रेलियन पशुवैद्याने ‘गिव्ह युअर डॉग अ बोन’ हे पुस्तक लिहून कच्च्या हाडामांसाच्या धर्माची पुनःस्थापना केली. धर्म म्हटला की पंथ आलेच. एक पंथ मांसाबरोबर वाटलेल्या भाजीपाल्यास मुभा देतो. दुसरा पंथ भाजीचे पान दिसताच अब्रह्मण्यम् म्हणून कानांवर हात ठेवतो आणि शंभर भागांत ऐंशी भाग मांस, दहा भाग हाड, पाच भाग काळीज आणि पाच भाग इतर अवयव, एवढेच प्रमाण मानतो. आमची कन्या या दुसऱ्या, कडव्या पंथातली.

प्रमाण हाती आल्यावर माझ्यातला कारकून जागा झाला. प्रौढ कुत्र्यास रोज त्याच्या वजनाच्या दोन ते तीन टक्के अन्न द्यावे असा दंडक. ब्रूनोचे वजन २८ किलो. अडीच टक्क्यांनी रोजचा शिधा ७०० ग्रॅम. पैकी मांस ५६०, हाड ७०, काळीज ३५ आणि मूत्रपिंड, प्लीहा वगैरे मिळून ३५. मी एक जाड खातेवही आणून तीत रकाने आखले. वर्गवारीच्या खाचाखोचा पाहून तर मला जिरायत-बागायतीचे जुने दिवस आठवले. कारण या शास्त्रात हृदय हा अवयव धरत नाहीत, त्याची नोंद निव्वळ मांसात करतात. शासकीय सेवेत अनेक वरिष्ठांचे निरीक्षण करून मी स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला आलो होतो.

परंतु महिन्याच्या २१ किलोंना मटणाच्या किलोमागे ८०० रुपयांच्या भावाने गुणताच १६,८०० असा आकडा आला, आणि निवृत्तिवेतनाचा निम्म्याहून अधिक भाग कुत्र्यास इनाम म्हणून तोडून देण्याइतकी वतनदारी आमच्या घरात कधीच नव्हती. कन्येस हे कळवताच तिने उत्तर पाठवले, की जाणकार लोक मटणाच्या वाट्याला जातच नाहीत. माणसाला जे नको असते, तेच कुत्र्याला हवे असते, आणि त्याला दुकानात कोणी विचारत नाही, म्हणून ते स्वस्त असते. अर्थशास्त्रावरचे इतके सुबोध विवेचन मी वाचले नव्हते. अडचण एवढीच होती, की ते नको असलेले कोठे आणि कोणत्या नावाने मागावे, हे जन्मभर वरणभातावर वाढलेल्या मला ठाऊक नव्हते.

आमच्या पेठेच्या कडेला, पुलाच्या अलीकडे, मटणाचे आणि चिकनचे असे एकाला एक लागून एकाच मालकाचे दोन गाळे आहेत. आयुष्यभर त्यांच्यासमोरून जाताना मी पलीकडच्या पदपथावरून आणि नजर सरळ ठेवून गेलो होतो. तेथे उभे राहून ‘‘मला प्लीहा हवी आहे,’’ असे मी म्हणालो, तेव्हा मालकाने सुरी खाली ठेवली. ‘‘काका, औषधाचं दुकान पुढच्या चौकात,’’ तो आदराने म्हणाला. मग मी कुठे, डावीकडे की उजवीकडे, हे स्वतःच्या अंगावर दाखवल्यावर त्याचा चेहरा उजळला. ‘‘तिल्ली! तिल्ली म्हणा की!’’ त्या दिवसापासून त्याने माझे अध्ययन सुरू केले. मूत्रपिंड म्हणजे गुर्दा, यकृत म्हणजे कलेजी, कोंबडीच्या पोटातली ती घट्ट पिशवी म्हणजे पेटा, आणि बोकडाचा कोठा व आतडी मिळून वजडी. त्याच्या एकेका शब्दापुढे माझी संस्कृतोद्भव नावे कोर्टातल्या नवख्या वकिलासारखी अडखळू लागली.

वजडीच्या बाबतीत मात्र त्याचा माझ्यावरील विश्वास क्षणभर डळमळला. वजडी घेणारे गिऱ्हाईक ती पुन्हा पुन्हा धुऊन, खरवडून, पांढरी स्वच्छ करून मागते, आणि त्या स्वच्छतेवर दुकानाची कीर्ती अवलंबून असते. उलट कन्येच्या पंथात न धुतलेली, आतला हिरवा चारा तसाच चिकटलेली वजडी हे परमपक्वान्न समजले जाते. ‘‘साफ न करता द्या,’’ असे मी म्हणताच तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. ‘‘कुत्र्यासाठी आहे,’’ मी घाईने खुलासा केला. त्यावर तो हसला, आणि शेजारच्या गिऱ्हाइकांकडे न पाहता हलक्या आवाजात म्हणाला, ‘‘तुमच्या गल्लीतनं येणारे सगळे कुत्र्यासाठीच नेतात, काका. पण साफ न करता मागणारे तुम्ही पहिलेच. म्हणजे तुमच्याकडं खरंच कुत्रा आहे.’’

या एका वाक्याने माझ्या मनात पेठेच्या सामाजिक इतिहासाचे नवे दालन उघडले. ज्यांच्या घरी मी कधी मांजरसुद्धा पाहिले नव्हते, असे कित्येक प्रतिष्ठित गृहस्थ दर रविवारी कोणत्या श्वानाचे पोषण करीत होते? आषाढी अमावास्येला, म्हणजे लोक जिला गटारी म्हणतात त्या दिवशी, दुकानापुढे लागलेल्या रांगेत मी कोंबडीचे पाय आणि मुंडकी घेण्यासाठी उभा असता माझ्या पुढच्या चौथ्या क्रमांकावर संकष्टीला चंद्रोदयाची वेळ फळ्यावर लिहून ठेवणारे आमचे शेजारी उभे असलेले दिसले. आमची दृष्टादृष्ट झाली. ‘‘ब्रूनोसाठी,’’ मी म्हणालो. ‘‘हो, हो, ब्रूनोसाठीच,’’ तेही म्हणाले, आणि माझ्या कुत्र्याची इतकी काळजी घेणारा शेजारी मला लाभला आहे, हे त्या दिवशी मला प्रथम समजले.

घरात या शिध्याची तजवीज लावणे हे निराळेच प्रकरण होते. मातोश्रींच्या शीतकपाटात मांस ठेवणे हा विषय चर्चेलाच येऊ शकत नव्हता, म्हणून मागच्या पडवीत १४,००० रुपयांचे एक आडवे बर्फकपाट आले. त्यापाठोपाठ ग्रॅम दाखवणारा ९०० रुपयांचा काटा आणि ४०० रुपयांचा एक भक्कम सुरा आला. रोज पहाटे, दूधवाल्याच्याही आधी, मी पडवीत बसून नखे छाटलेले कोंबडीचे पाय, चिरलेल्या माना, पेटे आणि कलेजी यांची वाटणी करीत असे, आणि पारड्यात पाच ग्रॅम काळीज जास्त झाले तर ते दुसऱ्या दिवशीच्या खात्यावर ओढीत असे. कारण काळजात ‘अ’ जीवनसत्त्वाचा साठा इतका असतो, की ते सढळ हाताने दिल्यास पथ्याचे अपथ्य होते, आणि हाड कमी पडले तर मांसातल्या फॉस्फरसच्या मानाने कॅल्शियमची तूट येते. सरकारी तिजोरीतही मी इतक्या बारकाईने कधी रुजवात घातली नव्हती.

आणि तो खाई कसा, हे प्रत्यक्ष पाहण्याजोगे होते. कोंबडीचा पाय तो प्रथम अलगद, दातांचा स्पर्श होतो न होतो असा उचलून जाजमाच्या मधोमध नेई. तेथे पुढचे दोन पंजे जोडून त्यांत तो उभा धरी, जणू मुंजीतला बटू पळी धरतो आहे. मग मान तिरपी करून दाढेखाली एक बोट घेई, डोळे अर्धवट मिटी, आणि ओली काटकी मोडावी तसा कडकन आवाज होई. बोटामागून बोट असे ते संपले, की जाजमावर उमटलेला ओलसर डाग तो इतक्या निष्ठेने चाटी, की तेवढा भाग कालांतराने नव्यासारखा दिसू लागला. एकदा मात्र त्याने हा विधी देवघराच्या उंबऱ्यावर उरकला. मातोश्रींनी त्या दिवशी देव पुन्हा न्हाऊ घातले, गोमूत्र शिंपडले, आणि एवढेच म्हणाल्या, ‘‘दत्ताच्या पायांशी चार कुत्री बसतात, ती वेद आहेत म्हणतात. हा पाचवा कुठला आणलास?’’

श्रावणात लसीकरणासाठी ब्रूनोला गुरांच्या दवाखान्यात नेले, तेव्हा मी अभिमानाने खातेवही डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी पाने चाळून अक्षराची तारीफ केली, आणि नंतर जे सांगितले, त्याने माझ्या पाठीतून थंडी वाजून गेली. बर्फात ठेवल्याने सालमोनेलासारखे जंतू मरत नाहीत, नुसते निजतात, आणि कुत्र्याला ते बाधले नाहीत तरी त्याच्या तोंडातून व विष्ठेतून घरातल्या म्हाताऱ्यांपर्यंत पोहोचतात. शेळ्यामेंढ्यांच्या फुप्फुसांत आणि यकृतात कधी कधी पाण्याने भरलेल्या गाठी असतात, त्या कच्च्या खाल्ल्या की कुत्र्याच्या आतड्यात बारीक फीतकृमी वाढतात, आणि त्या कृमींची अंडी माणसाच्या पोटात गेली, तर तशीच गाठ माणसाच्या यकृतात धरते. शिजवलेले हाड मात्र देऊ नका, ते फुटून टोके घशात रुततात. मांस उकडा, हाड काढा, कॅल्शियमची भुकटी मी लिहून देतो, आणि कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे व चॉकलेट यांना आजन्म बंदी. हे शेवटचे कलम घरी सांगताच मातोश्रींची मुद्रा प्रथमच प्रसन्न झाली. ‘‘कांदा-लसूण जन्मभर वर्ज्य? म्हणजे बंडू बारमाही चातुर्मास पाळतो! तुझ्यापेक्षा सोवळा निघाला.’’

दवाखान्यातल्या काट्यावर आणखी एक गोष्ट उघडकीस आली होती, आणि तिने मला गाठीइतकेच अस्वस्थ केले. ब्रूनोचे वजन ३१ किलो भरले होते. खातेवहीप्रमाणे एक ग्रॅम अधिक न जाता तीन महिन्यांत तीन किलोंची वाढ, ही तफावत कोणत्याही दप्तरात अफरातफरीखेरीज संभवत नाही. मी पाळत ठेवली. दुपारी दोनच्या सुमारास, मी वर्तमानपत्र तोंडावर घेऊन निजलो आहे अशी खात्री झाल्यावर, मातोश्रींच्या खोलीतून ‘‘बंडू, ये रे’’ अशी हाक आली, आणि ज्याला लांडगा म्हणून कच्चा शिधा तोलून दिला होता, तो शेपटी हलवीत दुधात कुस्करलेल्या भाकरीच्या ताटलीपुढे जाऊन बसला. वर तुपाची धार होती. विचारणा केली असता आरोपीने गुन्हा कबूल केला, पण पश्चात्ताप दाखवला नाही. ‘‘कुत्रा भाकरी घेऊन पळाला, तर नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावला. मला धावता येत नाही, म्हणून मी त्याला बोलावते.’’

या बचावाला अर्वाचीन शास्त्राचाही पाठिंबा असल्याचे पाहून तर मी निरुत्तर झालो. स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले, की पिष्टान्न पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्याकडे दोनच प्रती असतात, तर कुत्र्याकडे चारपासून तीसपर्यंत. म्हणजे माणूस शेती करून कण्याकोंडा खाऊ लागला, तेव्हा त्याच्या उंबऱ्याशी बसलेल्या या प्राण्याने तक्रार न करता आपले आतडेच बदलून घेतले. मेंढरांमागे हिंडणाऱ्या धनगराचा कुत्रा बाजरीच्या भाकरीवर लांडग्याशी झुंजतो, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो. वैश्वदेवानंतर दाराबाहेर श्वानासाठी जो बळी ठेवीत, तोही शिजलेल्या भाताचाच असे. ज्याने आपल्या सहवासासाठी लांडगेपण सोडले, त्याला आपण पुन्हा लांडगा करू पाहतो, आणि तोही शक्य तितक्या काटकसरीने, यातली कृतघ्नता मला त्या भाकरीच्या ताटलीपाशी प्रथम जाणवली. माणसाच्या घासातला वाटा हाच त्याचा नैसर्गिक आहार. तो काट्यावर तोलण्याची गरज मातोश्रींना कधी पडली नव्हती.

गणपतीच्या आत मी ताळेबंद पुरा केला. पिशवीतले दाणे महिन्याला ४,२०० रुपयांचे लागले असते. कच्चा शिधा २,५२० रुपयांत भागला. बचत दरमहा १,६८०, तीन महिन्यांची ५,०४०. उलट बाजूस बर्फकपाट, काटा आणि सुरा मिळून १५,३००. निव्वळ तूट १०,२६०, आणि तीत वीज, डॉक्टर, गोमूत्र व एक जाजम धरलेले नाही. हा गोषवारा मेलबर्नला रवाना केला. कन्येने उत्तरात एवढेच विचारले, ‘‘तो खूष आहे ना?’’ शेरा मारण्याची ही पद्धत आमच्या खात्यात असती, तर कित्येक प्रकरणे लवकर निकाली निघाली असती.

आता ब्रूनो आणि बंडू यांची खाती एकत्र झाली आहेत. कोंबडीचे मांस उकडून, हाडे वेचून, भाकरी, भात आणि लाल भोपळ्याबरोबर ते त्याला मिळते, वजन २९ वर आले आहे, आणि यथासांग शुद्धी करून घेतलेल्या बर्फकपाटात मटार विराजमान आहेत. उकडण्याचे काम पडवीतल्या शेगडीवर आमचे कुटुंब करते. ते मूळचे मालवणचे. छत्तीस वर्षांपूर्वी आमच्या सोवळ्या घरात पाऊल टाकताना ज्या काही गोष्टी त्याने मुकाट्याने मागे ठेवल्या, त्यांचा उल्लेख त्याने आजवर कधी केला नव्हता. गेल्या कार्तिकातल्या एका रविवारी मात्र, पातेल्यावरचे झाकण काढून वाफ तोंडावर घेत ते थोडा वेळ स्तब्ध उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘नुसतं पाण्यात उकडतो आपण. वाईट वाटतं हो.’’

पुढच्या रविवारी मी दुकानात नेहमीच्या वजनावर अर्धा किलो वेगळे मागितले. ‘‘कुत्र्यासाठीच ना, काका?’’ मालकाने विचारले. ‘‘अर्थात,’’ मी म्हणालो. त्याने सुरी हाती घेतली, आणि मान वर न करता पुसले, ‘‘साफ करून देऊ?’’ मी पलीकडच्या पदपथाकडे पाहिले. ओळखीचे कोणी नव्हते. ‘‘द्या,’’ मी म्हणालो, ‘‘आणि तुकडे जरा लहान करा.’’

त्या दुपारी पडवीचे दार लोटून घेतलेले होते, शेगडीवर दोन पातेली होती, आणि ब्रूनो दोहोंच्या मध्ये, भाजल्या खोबऱ्याच्या दिशेने नाक वर करून, वेदमूर्तीसारखा निश्चल बसला होता. एवढ्यात आतल्या खोलीतून मातोश्रींचा स्वर आला.

‘‘काय रे, बंडूच्या जेवणाला आज लसणीचा वास कसा? डॉक्टरांनी त्याला बंदी केली आहे ना?’’